पोच आणि उत्तर

'सर्व्हर' या शब्दाभोवती उगाचच एक दबदबा आहे. बँकेत गेलं की 'सर्व्हर डाउन आहे', दाखला काढायला गेलं की 'सर्व्हर स्लो आहे, उद्या या'. जणू दूर कुठल्या तरी थंड खोलीत बसलेला लहरी साहेबच. प्रत्यक्षात टीसीपीवर चालणारा साधा सर्व्हर पायथनमध्ये लिहायला पंधरा ओळीही लागत नाहीत, आणि तो वांगणीतल्या वन-आरकेमध्ये, पंख्याखाली, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. इंजिनिअरिंगच्या नेटवर्क लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी तो लिहिला होता. जर्नलमध्ये 'एम, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लुजन' भरून सही घेतली की विषय संपायचा. पुढे नोकरीत ज्युनिअर मुलांना शिकवायला म्हणून तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, तेव्हा त्यातल्या क्रियापदांकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं.

बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, रिसीव्ह, सेंड, क्लोज. सगळी माणसांची क्रियापदं आहेत. बांधून घेणं, ऐकणं, स्वीकारणं, घेणं, देणं, मिटवणं.

घडतं ते असं. सर्व्हर आधी एक सॉकेट बनवतो, म्हणजे टेलिफोनचा हँडसेट आणला म्हणा. 'बाइंड' करून तो एका नंबराला जोडायचा, समजा पोर्ट ५०००. मग 'लिसन': या नंबरावर मी ऐकायला बसलोय, असं ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं. मग 'अ‍ॅक्सेप्ट': कुणी आलं तर आत घ्यायचं. या ओळीवर प्रोग्रॅम थांबतो. कोण येणार, कधी येणार, येणार की नाही, त्याला काही माहीत नसतं. कुणी आलं की अ‍ॅक्सेप्ट त्या एकट्यासाठी नवं सॉकेट काढून देतं, आणि जुनं पुढच्याची वाट बघायला मोकळं राहतं. नव्या सॉकेटवर 'रिसीव्ह' करून वाचायचं, 'सेंड' करून उत्तर द्यायचं, काम झालं की 'क्लोज'. क्लायंटचं काम त्याहून सोपं: कनेक्ट, सेंड, रिसीव्ह.

(जाता जाता एक गंमत. 'नमस्कार' पाठवलात तर तारेवरून सात अक्षरचिन्हांचे एकवीस बाइट जातात, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पलीकडच्याने एका वेळी दहाच बाइट वाचायचे ठरवले तर 'नमस' आणि चौथ्या चिन्हाचा एक तुकडा हाती येतो, आणि पायथन ओरडतं. इंग्रजीत 'हॅलो' लिहून शिकलेल्यांना हे कधी कळतच नाही.)

आता माझ्या डोक्यातून न जाणारा प्रयोग. सर्व्हरमध्ये 'लिसन' राहू द्या, पण 'अ‍ॅक्सेप्ट' काढून टाका. त्या जागी प्रोग्रॅमला दहा मिनिटं झोपवा. त्यासाठी 'स्लीप' नावाचं फंक्शन आहेच. आता दुसऱ्या खिडकीत क्लायंट चालवा. तुम्हाला वाटेल तो अडेल. अडत नाही. लिनक्सवर कनेक्ट चटकन होतं. सेंडही होतं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क उघडलंत तर दिसतं की तुमचा 'नमस्कार' पलीकडे पोहोचला आणि पलीकडून रीतसर पोच आली. 'अ‍ॅक' म्हणतात त्याला, अ‍ॅक्नॉलेजमेंटचं लघुरूप. टीसीपीच्या नियमांप्रमाणे सगळं यथासांग झालंय. फक्त पलीकडचा प्रोग्रॅम झोपलेला आहे. क्लायंट रिसीव्हवर वाट बघत उभा आहे, आणि वाट बघणं थांबवायला त्याच्याकडे काहीही कारण नाही.

हे होतं कारण जोडणी करण्याचं आणि पोच देण्याचं काम तुमचा प्रोग्रॅम करतच नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. आलेल्यांना तो एका रांगेत उभं करतो आणि त्यांचं म्हणणं एका डब्यात जमा करून ठेवतो. प्रोग्रॅमने अ‍ॅक्सेप्ट म्हटलं की रांगेतला पहिला पुढे सरकतो. अ‍ॅक्सेप्ट कधी म्हटलंच नाही तर रांग तशीच राहते.

सरकारी कचेरीत अर्ज दिलेल्या कुणालाही ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. आवक-जावक विभागातला कारकून तुमच्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारतो, तारीख टाकतो, आवक क्रमांक लिहितो. तो प्रामाणिकपणे त्याचं काम करतो. तुमचा कागद पोहोचला, हे खरंच आहे. पण ज्या साहेबांनी तो वाचायचा, त्यांच्या टेबलापर्यंत तो गेला का, हे त्या शिक्क्यातून कळत नाही. कर्नल म्हणजे हा आवक कारकून, आणि झोपलेला प्रोग्रॅम म्हणजे रजेवरचे साहेब.

माझा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. 'मी ऐकतोय' असं जाहीर करणाऱ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते? पोच दिली की ती संपते?

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही, कारण मी याच धंद्यात आहे. लोकांच्या तक्रारी आणि विनंत्या घेणाऱ्या प्रणाली आम्ही बांधतो. गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर बदलली. पोच फार गोड झाली. पूर्वी 'तुमचा क्रमांक अमुक' एवढंच यायचं. आता तुमचं नाव घेऊन, 'तुमचा त्रास आम्ही समजू शकतो', 'तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे' असं येतं, तेही दोन सेकंदांत, रात्री अडीच वाजताही. त्याच काळात प्रत्यक्ष वाचणारी माणसं कमी होत गेली. पोच देणं जवळजवळ फुकट झालंय. उत्तर देणं अजूनही महाग आहे, कारण त्याला कुणाचा तरी वेळ लागतो. म्हणून जिथे उत्तर परवडत नाही तिथे पोचेलाच उत्तराचे कपडे घातले जातात. टीसीपीमधला कर्नल निदान अ‍ॅक पाठवताना 'तुमचं दुःख समजलं' असं म्हणत नाही. 'एकविसाव्या बाइटपर्यंत मिळालं', एवढंच त्याचं म्हणणं असतं, आणि ते खरं असतं.

पोच कशी खरी राहते, हे आमच्या रेल्वेलाइनवर राहणाऱ्यांनी बघावं. दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनला 'लाइन क्लिअर' विचारायचं आणि तिकडून होकार आल्यावरच गाडी सोडायची, ही रेल्वेची जुनी ब्लॉक पद्धत. आता बऱ्याच मार्गांवर हे काम आपोआप होतं, पण फोनवरून काम करायची वेळ येते तेव्हा 'प्रायव्हेट नंबर' नावाचा प्रकार अजून आहे. स्टेशन मास्तर आणि फाटकवाला यांच्याकडे छापील तक्ते असतात, त्यांत वेड्यावाकड्या क्रमाने दोन आकडी संख्या. फाटक बंद केलं की फाटकवाला आपल्या तक्त्यातला पुढचा नंबर फोनवर सांगतो, स्टेशन मास्तर तो लिहून घेतो, आणि वापरलेला नंबर खोडला जातो. 'हो हो, केलं बंद' एवढं चालत नाही. नंबर द्यावा लागतो, म्हणजे तक्ता उघडावा लागतो, म्हणजे जागं असावं लागतं.

टीसीपीची जोडणीही अशीच होते, आणि दोन्ही एका गरजेतून आलेत म्हणून मला ते साम्य वरवरचं वाटत नाही. क्लायंट 'सिन' म्हणून आपला एक सुरुवातीचा क्रमांक पाठवतो. सर्व्हर त्या क्रमांकात एक मिळवून परत करतो आणि सोबत स्वतःचा क्रमांक देतो. क्लायंट त्यात एक मिळवून परत करतो. तीन फेऱ्या, म्हणून थ्री-वे हँडशेक. क्रमांक अंदाज लावता येण्यासारखे असतील तर तिसराच माणूस मधून बोलू शकतो, हे १९८५मध्ये रॉबर्ट मॉरिस यांनी दाखवून दिलं आणि पुढे क्रमांक बेभरवशाचे काढायची रीत पडली. फाटकवाल्याच्या तक्त्यातले आकडे सरळ क्रमाने नसतात ते याचसाठी.

विंट सर्फ आणि बॉब कान यांचा या रचनेवरचा मूळ लेख मे १९७४चा. त्यातून पुढे आलेलं टीसीपी १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवर सक्तीचं झालं. सर्फ यांना लहान वयापासून कमी ऐकू येतं आणि ते श्रवणयंत्र वापरतात. त्यावरून टीसीपीचा जन्म बहिरेपणातून झाला वगैरे कथा रचायचा मोह होतो; तसा काही पुरावा नाही. पण समोरच्याला ऐकू गेलं असेलच असं गृहीत धरू नका, पोच येईपर्यंत पुन्हा पाठवा, हा नियम ज्याला रोज 'काय म्हणालात?' विचारावं लागतं त्याला इतरांपेक्षा लवकर पटला असेल, एवढं तर म्हणता येईल.

मग पोचेची पोच का नाही मागायची? आणि तिचीही पोच? यावर संगणकशास्त्रात एक जुनं कोडं आहे, दोन सेनापतींचं. दोन टेकड्यांवर दोन सैन्यं, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. निरोप घेऊन जाणारा स्वार दरीत पकडला जाऊ शकतो. 'पहाटे हल्ला' हा निरोप गेला. पोहोचला का, हे कळायला पोच हवी. पोच पोहोचली का, हे कळायला तिची पोच हवी. कितीही स्वार पाठवा, शेवटचा निरोप ज्याने पाठवला तो अंधारातच राहतो. १९७५मध्ये हे कोडं गुंडांच्या दोन टोळ्यांची गोष्ट म्हणून मांडलं गेलं, १९७८मध्ये जिम ग्रे यांनी त्याला सेनापतींचं नाव दिलं. त्यावर उपाय नाही, हे सिद्ध झालेलं आहे. टीसीपीने ते सोडवलेलं नाही. तीन फेऱ्यांवर थांबून कामाला लागायचं, एवढंच ठरवलंय. म्हणजे कुठल्या तरी टप्प्यावर समोरच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. आणि विश्वास आला की फसवणुकीची शक्यता आली. झोपलेल्या सर्व्हरचा प्रयोग मला म्हणूनच अस्वस्थ करतो. तिथे कुणी खोटं बोललेलं नाही, आणि तरी कुणाची तरी फसगत चालू आहे.

आता दुसरा प्रयोग. सर्व्हर बंदच करा, आणि क्लायंट चालवा. क्षणात उत्तर येतं: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, असं मशीन स्वतः कळवतं. नवशिक्यांना ही एरर बघून वाईट वाटतं. खरं तर याहून सभ्य एरर नाही. तुम्हाला लगेच कळलं, तुम्ही दुसरीकडे जायला मोकळे. आता मध्ये एक फायरवॉल बसवा आणि तिला आलेली पॅकेट गुपचूप टाकून द्यायला सांगा. क्लायंट 'सिन' पाठवतो, शांतता. एक सेकंदाने पुन्हा. मग दोन सेकंदांनी, चार, आठ, सोळा, बत्तीस. लिनक्स आपल्या मूळ सेटिंगवर साधारण १२७ सेकंद असं ठोठावत राहतो आणि मग हार मानतो. दोन्ही ठिकाणी निष्पत्ती एकच, जोडणी झाली नाही. फरक आहे तो कुणाचा वेळ गेला याचा.

नोकरीचे अर्ज केलेल्यांना मी काय सांगू? बदलापूर-वांगणी पट्ट्यातली माझ्या ओळखीची किती तरी मुलं-मुली तीन-तीन फेऱ्या झाल्यावर अशा शांततेत अडकलेली मी पाहिली आहेत. 'नाही' आलं असतं तर रडून दुसऱ्या दिवशी नवा अर्ज केला असता. शांतता आली की माणूस तो १२७ सेकंदांचा खेळ महिनोन् महिने खेळतो. आज मेल बघितला, उद्या बघू, परवा बघू, मग आठवड्याने. नकार देणाऱ्याला वाईटपणा घ्यावा लागतो. गप्प राहणारा तो वाईटपणा टाळतो आणि त्याचा खर्च समोरच्याच्या खात्यावर टाकतो. म्हणून गप्प राहणं ही तटस्थ कृती आहे, हे मला मान्य नाही.

कायद्यालाही ते मान्य नाही, ही मला आवडणारी गोष्ट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. महाराष्ट्राने त्याआधीच आपला स्वतःचा कायदा केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याखाली. केंद्राच्या कायद्यातलं कलम ७ सांगतं की तीस दिवसांत उत्तर द्या. प्रश्न माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. आणि पुढे: मुदतीत काहीच कळवलं नाही तर माहिती नाकारली असंच धरलं जाईल. म्हणजे गप्प बसण्याचा पर्याय कायद्याने काढून घेतला. शांततेचं रूपांतर नकारात झालं, आणि नकार आला की अपिलाची वाट उघडते. हा कायद्यातला टाइमआउट आहे. गृहसंस्थांमधल्या वाचकांना दुसरं उदाहरण चांगलंच माहीत असेल: बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही, होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, तेव्हा 'मानीव अभिहस्तांतरण'. त्याने करून दिलंच आहे असं मानायचं. 'मानीव' हा किती कामाचा शब्द आहे!

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. प्रत्येक ठोठावणाऱ्याला उत्तर द्यायचं? सप्टेंबर १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी खोट्या पत्त्यांवरून हजारो 'सिन' पाठवले. सर्व्हर सभ्यपणे प्रत्येकाला उत्तर देऊन तिसऱ्या फेरीची वाट बघत राहिला, रांग भरली, आणि खऱ्या ग्राहकांना जागाच उरली नाही. सभ्यपणाच हत्यार म्हणून वापरला गेला. आणि मी बाई आहे. अनोळखी पुरुषांचे 'हाय', 'हॅलो डिअर', 'रिप्लाय तर दे' किती येतात हे कुठल्याही मुलीला विचारा. त्यांतल्या एकालाही मी उत्तर देणं लागत नाही. 'नको' म्हणणंसुद्धा लागत नाही, कारण तिथे कुठलंही उत्तर म्हणजे दार थोडं उघडं आहे अशी खूण समजली जाते. तिथे गुपचूप टाकून देणारी फायरवॉलच बरोबर.

मग फरक कुठे करायचा? मला वाटतं तो 'लिसन' या ओळीत आहे. मी पोर्ट उघडून जगाला पत्ता सांगितलेला नाही. ज्याने उघडलाय, ज्याने जाहिरात दिली, निवडणूक लढवली, दवाखान्याची पाटी लावली, 'तक्रार निवारण कक्ष' असं दारावर लिहिलं, त्याने वचन दिलंय. अजून कुणी आलेलंही नसतं तेव्हा, कुणा एकाला नाही, येईल त्याला. म्हणून उत्तराचं देणं विचारणाऱ्याच्या ठोठावण्यातून निर्माण होत नाही. ते ऐकणाऱ्याच्या पाटीतून निर्माण होतं. पाटी नसेल तर गप्प राहण्याचा हक्क पूर्ण. पाटी असेल तर 'हो', 'नाही' किंवा निदान 'थांबा' यांतलं काहीतरी द्यावंच लागेल.

'थांबा' हेही उत्तर आहे, बरं का. टीसीपीत त्याला रीतसर जागा आहे. वाचणाऱ्याचा डबा भरला की तो पोचेसोबत सांगतो, 'माझ्याकडे आता शून्य जागा आहे'. झीरो विंडो. पाठवणारा थांबतो, पण हातावर हात ठेवून नाही. अधूनमधून एक छोटं पॅकेट पाठवून विचारतो, झाली का जागा? कारण 'झाली' हा निरोपही वाटेत हरवू शकतो. आमच्या गावाजवळ अशा 'थांबा'वर हजारभर माणसांचा जीव टांगलेला होता. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी, बाहेर सगळीकडे पाणी. रेल्वेने आवाहन केलं की गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे, मदतीची वाट बघा. अशा वेळी 'थांबा' ऐकणारा माणूस काय धरून थांबतो? पाणी तर वाढताना दिसतंय. सांगणाऱ्याला माझी अवस्था माहीत आहे आणि तो पुढचा निरोप देणार आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी, नौदलाची पथकं आणि आसपासच्या गावांतली माणसं आली आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर पडले. नुसता शिक्का मारून गप्प राहणारा 'थांबा' आणि पाठोपाठ बोट पाठवणारा 'थांबा' ऐकायला एकसारखाच असतो. म्हणून तो उच्चारणाऱ्यावर जास्त ओझं आहे.

पण पाटीचा हा नियम मी जिथे राहते तिथेच अपुरा पडतो. वांगणीत बरीच दृष्टिहीन कुटुंबं राहतात. मुंबईच्या मानाने घरं स्वस्त, आणि लोकल थेट. कित्येक जण लोकलमध्ये किचेन, पेन, मोबाइलची कव्हरं विकून घर चालवतात. प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहिलं की एक दृश्य नेहमी दिसतं. पांढरी काठी घेतलेले काका हवेत प्रश्न टाकतात, 'ही कर्जतच ना?' शेजारी उभा असलेला माणूस मोबाइलमधून डोकं वर काढतो आणि मान डोलावतो. त्याच्या हिशेबाने त्याने उत्तर दिलं. आणि काका पुन्हा विचारतात, 'कर्जत का हो?'

१९८४मध्ये एमआयटीच्या साल्झर, रीड आणि क्लार्क यांनी एक लेख लिहिला, 'एंड-टू-एंड'चा युक्तिवाद म्हणून तो ओळखला जातो. एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची आहे. मधल्या प्रत्येक टप्प्याने 'नीट पोहोचली' म्हटलं तरी ती नीट पोहोचली याची खात्री होत नाही. ती खात्री फक्त शेवटच्या टोकाला, फाइल उघडून तपासणाऱ्यालाच करता येते. मान डोलावणाऱ्याचं उत्तर त्याच्या टोकाला पूर्ण झालं. काकांच्या टोकाला ते घडलंच नाही. आणि त्या माणसाने कुठली पाटी लावली होती? कुठलीच नाही. माझ्या नियमाने तो निर्दोष आहे. तरी मला त्याचा राग येतो, याचा अर्थ नियमात काहीतरी राहून गेलंय.

काय राहून गेलंय, ते १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्टेशनात दिसलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. दोन नंबर प्लॅटफॉर्म, संध्याकाळची वेळ. दृष्टिहीन आई लहान मुलाला घेऊन चाललेली, मुलगा तोल जाऊन रुळांवर पडतो. समोरून उद्यान एक्स्प्रेस. आई प्लॅटफॉर्मच्या कडेला हाताने चाचपडते, तिला आवाज ऐकू येतोय, दिशा कळत नाही. ड्युटीवर असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून, गाडीच्या दिशेने, धावत येतात, मुलाला वर टाकतात, स्वतः वर चढतात, आणि एखाद-दोन सेकंदांत गाडी धडधडत निघून जाते. रेल्वेने त्यांना पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले अर्धे त्यांनी त्या मुलासाठी दिले.

शेळके तिथे उभे होते ते जाणाऱ्या गाडीसाठी. झेंडी दाखवायची, सगळं ठीक असल्याची खूण द्यायची. त्यांचं पोर्ट त्यासाठी उघडं होतं. आईची हाक त्यांच्या नावाने आली नव्हती, कुणाच्याच नावाने आली नव्हती. टीसीपीत अशा हाकेला जागाच नाही; टीसीपीची जोडणी नेहमी दोघांतच असते, सगळ्यांना उद्देशून टाहो फोडायची सोय तिथे नाही. जिवाला धोका आहे हा विचार आपल्याही मनात आला होता, असं शेळके यांनी नंतर सांगितलं. ते धावले नसते तर त्यांना दोष देणारी मी कोण? म्हणजे हे कर्तव्याच्या पलीकडचं काहीतरी होतं, आणि पाटीच्या नियमात ते मला बसवता येत नाही. बसवूही नये बहुधा.

मला टोचतं ते दुसरंच. तो व्हिडिओ देशभर फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मान डोलावणारे मात्र आजही तसेच डोलावतायत. जीव धोक्यात घालण्याचं कौतुक करणं सोपं असतं, कारण तो प्रसंग आपल्यावर येणार नाही हे माहीत असतं. तोंड उघडून 'हो, कर्जतच' म्हणण्याचा प्रसंग रोज येतो.

त्या फुटेजमध्ये प्लॅटफॉर्म जवळजवळ रिकामा आहे, हेही विसरून चालणार नाही. १९६८मध्ये डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं होतं की बघणारे जितके जास्त, तितकी एकेकाने मदत करण्याची शक्यता कमी. गर्दीच्या लोकलमध्ये हवेत टाकलेला प्रश्न तीस कानांवर पडतो आणि प्रत्येक कान उरलेल्या एकोणतिसांवर सोपवून देतो. कान बंद नसतात. रांगेत उभं केलेलं असतं सगळ्यांना, अ‍ॅक्सेप्ट कुणी म्हणत नाही.

रोजचा प्रवास करणारे दृष्टिहीन लोक हे आमच्यापेक्षा चांगलं ओळखून आहेत. मुरलेला माणूस हवेत विचारतच नाही. तो हात पुढे करून एखाद्याच्या कोपराला हलकेच स्पर्श करतो, किंवा सीटच्या टोकाला बसलेल्या बाईकडे वळून म्हणतो, 'ताई, बदलापूर गेलं का?' आता उरलेले एकोणतीस सुटले, आणि मी सापडले. मान डोलावून भागत नाही. इअरफोन काढायचा, खिडकीबाहेर बघून खात्री करायची आणि म्हणायचं, 'गेलं काका. आता वांगणीच. डाव्या बाजूला या, मी पण उतरतेय.'